पर्समधील सुरी आणि रस्त्यावरील दिवा

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत स्त्रियांना स्वसंरक्षणासाठी सुऱ्या वाटल्या. त्यामागील संताप समजण्याजोगा होता; पण सुरीने प्रश्न सुटतो काय?

कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याची मुभा भारतीय न्याय संहिताही देत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाई हुकूम जारी असेल, तर सुरीच काय, काठीही सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. शिवाय हल्लेखोर हातभर अंतरावर येईपर्यंत सुरी निरुपयोगी. आणि तो बलवान असल्यास तीच त्याच्या हाती जाण्याचा धोका.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सुरक्षितता ही रस्त्यावरील दिव्यासारखी सार्वजनिक वस्तू होय. ती ज्याची त्याने विकत घ्यावी असे ठरले, की खर्च आणि जोखीम दोन्ही दुर्बलांच्याच माथी येतात. रस्ता मात्र होता तसाच राहतो. रात्रपाळीहून परतणाऱ्या स्त्रीच्या हाती सुरी देणे सोपे आहे. पेटता दिवा, वेळेवर येणारी बस आणि तक्रार नोंदवून घेणारी चौकी देणे कठीण; शासनाचे कर्तव्य तेच आहे.