मोजकी माणसं, अफाट पसारा

कोट्यवधी लोकांच्या खिशात पोचलेली काही तंत्रज्ञानं एका खोलीत मावतील एवढ्याच माणसांनी उभी केली. हे कसं जमतं, कुठे अडतं आणि नागपूरने त्यातून काय घ्यावं?

मुंबईहून निघालेली विदर्भ एक्सप्रेस सकाळी बडनेऱ्याच्या पुढे कुठेतरी थांबते. खिडकीबाहेर फलाट नाही, पाटी नाही, मोबाइलवर इंटरनेटही नाही. तरीही वरच्या बर्थवरून कुणीतरी सांगतं, ‘धामणगाव गेलं, आता पुलगाव.’ त्याच्या हातात ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप असतं. फोन रुळांलगतच्या ज्या मोबाइल टॉवरच्या टप्प्यात असतो, त्याची ओळख हे ॲप वाचतं, आपल्याकडे साठवलेल्या नकाशाशी आणि वेळापत्रकाशी ताडून पाहतं आणि गाडीची जागा सांगतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, जीपीएसही लागत नाही. बेंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्स या कंपनीने ते बनवलं. गुगलने २०१८च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी घेतली तेव्हा ॲप १ कोटीहून अधिक वेळा डाउनलोड झालं होतं आणि कंपनीत माणसं होती जेमतेम दहा.

व्हॉट्सॲपचे आकडे याहून चक्रावून टाकणारे आहेत. फेसबुकने फेब्रुवारी २०१४मध्ये ही कंपनी १९ अब्ज डॉलरना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १ लाख १८ हजार कोटी रुपयांना घेण्याचं जाहीर केलं. त्या वेळी व्हॉट्सॲपचे वापरकर्ते होते ४५ कोटी आणि कर्मचारी ५५. म्हणजे एका कर्मचाऱ्यामागे सुमारे ८२ लाख वापरकर्ते. २०११च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख होती. अशी तीन नागपुरं एकेका माणसाच्या वाट्याला आली, तरी काही लोक उरतात. त्याआधी, एप्रिल २०१२मध्ये, इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरना विकलं गेलं तेव्हा तिथे १३ जण होते.

असे आकडे ऐकले की ‘काय हुशार पोरं!’ एवढंच म्हणून आपण पुढे जातो. हुशारी होतीच. पण एकट्या हुशारीने हे गणित सुटत नाही.

एकदा लिहायचं, कोटी वेळा वापरायचं

बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्याला दुप्पट माल काढायचा असेल तर कच्चा माल दुप्पट लागतो. यंत्रं, पाळ्या, गोदाम आणि ट्रक यांतही भर पडते. सॉफ्टवेअरचं तसं नाही. पहिली प्रत बनवायला वर्ष लागेल, पण दुसरी प्रत फुकट पडते आणि कोटीवी प्रतही जवळपास फुकटच. वाढतो तो सर्व्हरचा खर्च, आणि तोही कोड नेटका असेल तर आटोक्यात राहतो.

व्हॉट्सॲपने नेमकं इथेच लक्ष घातलं. त्यांनी सर्व्हरसाठी एरलँग ही भाषा निवडली. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी ती जन्माला आली होती. एक्स्चेंजमध्ये एक कॉल तुटला म्हणून बाकीचे कॉल तुटून चालत नाहीत, आणि हा गुण त्या भाषेच्या घडणीतच आहे. लाखो लोकांचे निरोप एकाच वेळी पोचवणं हे तसंच काम. २०१२च्या सुरुवातीला व्हॉट्सॲपने एकाच सर्व्हरवर २० लाखांहून अधिक जोडण्या सांभाळून दाखवल्या. सर्व्हर कमी म्हणजे बिघाड कमी, आणि बिघाड कमी म्हणजे रात्री उठून धावणारी माणसंही कमी.

आयता मिळालेला रस्ता

लहान चमू खरोखर लहान असतो का? त्याच्या पायाखाली काय आहे ते पाहिलं तर तसं म्हणवत नाही. आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघू.

पहिलं पुण्याच्या क्विक हीलचं. साताऱ्याकडून आलेल्या कुटुंबातले कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले आणि पुढे त्यांनी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान काढलं. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर इलाज लिहिला आणि १९९५मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. उत्पादन दोन भावांचं होतं, पण विक्री दोघांच्या आवाक्यातली नव्हती. त्या काळी सॉफ्टवेअर फ्लॉपीत भरून दुकानात पोचवावं लागे. गावोगावचे डीलर जोडावे लागत, विक्रीची माणसं नेमावी लागत, शाखा उघडाव्या लागत. कंपनी २०१६मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली, म्हणजे मधे वीसेक वर्षं गेली.

दुसरं मुंबईचं. सचिन टेके यांनी २०१०मध्ये ‘एम-इंडिकेटर’ आणलं तेव्हा बहुतेकांच्या हातात बटणांचे साधे फोन होते. लोकलचं वेळापत्रक त्या फोनमध्येच साठवलेलं असे, त्यामुळे इंटरनेट लागत नसे. पुढे त्यात बेस्टच्या बसगाड्या आल्या, रिक्षा-टॅक्सीचं भाडं आलं, मेगाब्लॉकच्या सूचना आल्या. मग प्रवाशांना आपसात बोलायची सोय झाली आणि गाडी कुठे अडली हे प्रवासीच एकमेकांना कळवू लागले. बातमीदारीचं काम असं वापरणाऱ्यांनीच उचललं, त्यासाठी पगारी माणूस नेमावा लागला नाही. गुगलच्या दुकानातून हे ॲप १ कोटीहून अधिक वेळा उतरवलं गेलं आहे.

काटकरांना आणि टेके यांना सापडलेला प्रश्न सारख्याच जातीचा होता. रोज डोळ्यांसमोर दिसणारा आणि कुणीच नीट न सोडवलेला. दोन्हींमध्ये बदललं ते गिऱ्हाइकापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचं स्वरूप. क्विक हीलला तो रस्ता स्वतः बांधावा लागला. एम-इंडिकेटरला ॲपच्या दुकानाने तो आयता दिला.

असे आयते रस्ते २००६नंतर भराभर तयार झाले. ॲमेझॉनने त्या वर्षी संगणकीय ताकद भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्यामुळे सर्व्हर विकत घेऊन ते थंड खोलीत ठेवण्याची गरज संपली. २००८मध्ये ॲपलचं ॲपचं दुकान उघडलं. लिनक्स, पोस्टग्रेससारखी हजारो लोकांनी मिळून घडवलेली सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध होतीच. आपल्याकडे २०१६मध्ये यूपीआय आलं आणि पैसे वसूल करण्याचं कामही सोपं झालं. पाच जणांची कंपनी आज काम सुरू करते तेव्हा तिच्या खाली हजारो अनोळखी माणसांची मेहनत अंथरलेली असते. ती माणसं तिच्या पगारपत्रकावर नसतात, एवढंच.

माणसं वाढली की बोलणं वाढतं

मग मोठ्या कंपन्यांना हे का जमत नाही? त्यांच्याकडे पैसा जास्त, माणसंही जास्त. याचं उत्तर फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५मध्येच देऊन ठेवलं आहे. आयबीएममध्ये एका प्रचंड सॉफ्टवेअर प्रकल्पाची धुरा त्यांनी सांभाळली होती. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी मांडलेला निष्कर्ष आजही या धंद्यात घोकला जातो: उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसं घातली की उशीर वाढतो.

कारण साध्या गणितात आहे. पाच जण असतील तर आपसात बोलायच्या जोड्या होतात १०. दहा जणांच्या ४५ आणि पन्नास जणांच्या १,२२५. माणसं दहापट, जोड्या शंभरपटीहून जास्त. मग बैठकी येतात, बैठकींचे अहवाल येतात, अहवाल वाचणारे येतात. एका बटणाचा रंग ठरवायला तीन विभागांची सही लागते. नव्या माणसाला काम समजावताना जुन्याचा दिवस जातो, तो वेगळाच. पाच जणांच्या चमूत ज्याला चूक सापडते तोच ती दुरुस्त करतो आणि जेवायला जातो.

अर्थात हे पाच जण नवखे असून भागत नाही. व्हॉट्सॲपचे जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी त्याआधी याहूमध्ये जवळपास नऊ वर्षं काढली होती. सिग्मॉइड लॅब्सचे संस्थापक टिव्हो या कंपनीतून आलेले होते. दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रणेत राबून, तिथे काय तुटतं आणि का तुटतं हे पाहून ही मंडळी बाहेर पडली. लहान चमूच्या मागे बहुधा मोठ्या कंपनीची शाळा असते.

काय करायचं नाही हे ठरवणं

माणसं मोजकी ठेवायची तर कामही मोजकंच ठेवावं लागतं, आणि सगळ्यात अवघड हेच. इन्स्टाग्रामचा आधीचा अवतार होता ‘बर्बन’. आपण कुठे आहोत ते कळवा, बेत आखा, फोटो टाका, असं बरंच काही त्यात होतं. लोक मुख्यतः फोटोच टाकतात हे लक्षात आल्यावर केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांनी बाकी जवळपास सगळं काढून टाकलं. व्हॉट्सॲपमध्ये कूम यांच्या टेबलाशी ॲक्टन यांनी लिहिलेली चिठ्ठी होती. जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, चमकोगिरी नाही, असा तिचा आशय. जाहिराती नव्हत्या म्हणजे त्या विकणारा विभाग नव्हता आणि गिऱ्हाइकाची कुंडली जमवणारी यंत्रणाही नव्हती. खातं उघडायला फोन नंबर पुरे, म्हणून ‘पासवर्ड विसरलो’ या तक्रारींना उत्तरं देणारी फळीही लागली नाही.

मागणीही दारातच उभी होती. आपल्याकडे दिवाळीला किंवा ३१ डिसेंबरला एसएमएसचं पॅक चालत नसे, प्रत्येक निरोपाचे पैसे कापले जात. अशा देशात फुकटात निरोप नेणाऱ्याला जाहिरात करावी लागत नाही.

हिशेबात न धरलेली माणसं

इथवर कहाणी गोड आहे. पण ‘एवढ्या थोड्या माणसांत एवढं मोठं काम’ असं म्हणताना कोणती माणसं मोजली नाहीत, तेही विचारायला हवं.

शेअर दलालीतली बेंगळुरूची झिरोधा कंपनी याचं चांगलं उदाहरण आहे. तिचे गुंतवणूकदार १ कोटीहून अधिक आहेत, बाहेरचं भांडवल तिने घेतलेलं नाही आणि सगळं तंत्रज्ञान सांभाळणारा चमू तीस-पस्तीस जणांच्या आसपास आहे. पण पूर्ण कंपनीत हजाराहून अधिक लोक काम करतात. लोकांचा पैसा हाताळायचा तर फोन उचलावा लागतो, कागदपत्रं तपासावी लागतात, नियामकाला उत्तर द्यावं लागतं. कोड लिहायला तीस जण पुरतात, विश्वास सांभाळायला पुरत नाहीत.

याची सगळ्यात कडू आठवण धुळे जिल्ह्याची आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. अफवा फिरत होती व्हॉट्सॲपवर. कंपनी तोवर फेसबुकची झाली होती, माणसंही वाढली होती. तरी भारतात निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, ही मर्यादा त्या महिन्यात आली, आणि भारतासाठी तक्रार अधिकारी नेमला गेला तो सरकारने मागणी केल्यानंतर. निरोप पोचवण्याची यंत्रणा मूठभर लोक उभारू शकतात. त्या निरोपाने गावात काय होईल याची जबाबदारी घ्यायला भाषा जाणणारी, माणसं जाणणारी माणसं लागतात, आणि तिथे काटकसर परवडत नाही.

शिवाय, इथे नावं आली ती टिकलेल्यांची. याच पद्धतीने सुरू होऊन दोन-तीन वर्षांत गुंडाळलेल्या कंपन्यांची गणती नाही.

नागपूरपुरतं बोलायचं तर

नागपुरात उद्योगाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो, ‘किती नोकऱ्या येणार?’ मिहान प्रकल्पाच्या संदर्भात तो वर्षानुवर्षं विचारला गेला आहे आणि तो चुकीचा नाही. दहा जणांची कंपनी कितीही गाजली तरी दहा जणांनाच पगार देते. शहराचा रोजगार अशा कंपन्यांवर उभा राहणार नाही. मिहानमधल्या टीसीएस आणि एचसीएल, परसोडीच्या आयटी पार्कातल्या पर्सिस्टंट आणि इन्फोसेप्ट्स यांची गरज आहे आणि राहील. एका कारणाने तर ती दुप्पट आहे: लहान चमूला लागणारी अनुभवी माणसं याच शाळांमधून तयार होतात. व्हीएनआयटीतून किंवा ट्रिपल आयटीतून निघालेला मुलगा थेट हिंजवडीला न जाता पाच वर्षं इथेच शिकला, तर सहाव्या वर्षी तो काहीतरी इथे सुरू करण्याची शक्यता तरी उरते.

सर्व्हर नागपुरातून भाड्याने घेतला काय आणि बेंगळुरूतून घेतला काय, दर तोच. ॲपचं दुकानही सारखंच. कोड लिहिण्याचं काम तर आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आणखी स्वस्त होत चाललं आहे. महाग राहणार आहे ते एकच: कोणता प्रश्न सोडवायचा हे आतून माहीत असणं. या बाबतीत नागपूर गरीब नाही. कोळसा खाणींची वेकोलि इथली, मॅंगनीजची मॉइल इथली, भारतीय खाण ब्यूरो इथला. पेट्रोलियम आणि स्फोटकं साठवण्याचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय इथे आहे. कापूस, लिंबूवर्गीय फळं, माती आणि पर्यावरण यांवर काम करणाऱ्या केंद्रीय संस्था इथे आहेत. कळमन्याच्या बाजारात संत्र्याची प्रतवारी कशी होते, खाणीतून निघालेल्या ट्रकचं वजन कुठे वाढतं-घटतं, परवान्याची फाइल कुठल्या टेबलावर अडते, हे सिलिकॉन व्हॅलीत बसून कळणारं नाही. इथे ते चहाच्या टपरीवर कळतं.

अडतं ते पहिल्या गिऱ्हाइकाशी. व्हॉट्सॲपला कुठल्या कार्यालयाची ऑर्डर नको होती. खाणीसाठी किंवा बाजार समितीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ती लागते, आणि निविदेत विचारलं जातं ते मागच्या वर्षांची उलाढाल दाखवा म्हणून. यावर राज्याने एक चांगला पायंडा पाडला आहे. महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीने २०१८पासून ‘स्टार्टअप सप्ताहा’तून निवडलेल्या २४ कंपन्यांना प्रत्येकी १५ लाख रुपयांपर्यंतचं सरकारी काम देण्याची पद्धत सुरू केली. रक्कम लहान आहे, पण पाच जणांच्या कंपनीला वर्षभर तग धरायला ती पुरते आणि ‘आमचं सॉफ्टवेअर अमुक कार्यालयात चालतं’ हे सांगायची सोय होते.

हेच नागपूरच्या पातळीवर करायला वेगळी जमीन नको, इमारत नको, करसवलतही नको. वेकोलि, महापालिका, बाजार समिती यांनी आपापल्या कामातला सतावणारा एकेक प्रश्न वर्षातून एकदा जाहीर करावा, इथल्या लहान चमूंना सहा महिने आणि थोडे पैसे द्यावेत आणि चाललेलं काम विकत घ्यावं. त्यातले बरेच प्रयत्न फसतील हे धरून चालावं. एखादा जमला, तर तो चमू देशातल्या प्रत्येक खाणीत आणि प्रत्येक बाजार समितीत जाईल आणि तरी त्याचं कार्यालय धरमपेठेतल्या एका फ्लॅटमध्ये मावेल.