शंभरातल्या दहा खाटा

धर्मादाय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाता उभा राहतो. सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीच्या आधाराने १८४५ साली मुंबईत सुरू झालेले रुग्णालय किंवा टाटांच्या विश्वस्तनिधीतून १९४१ साली परळला उभे राहिलेले कर्करोग रुग्णालय, ही त्या औदार्याची थोर उदाहरणे होत. परंतु आज महाराष्ट्रात न्यासाच्या रुग्णालयात गरीब रुग्णाला जी सवलत मिळते, ती कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. ती कायद्याने ठरवून दिलेली आहे, आणि ज्याला हे ठाऊक असायला हवे, नेमके त्यालाच बहुधा ते ठाऊक नसते.

सार्वजनिक न्यासांचा कायदा १९५० चा. १९८५ साली त्यात ४१ कक हे कलम आले आणि २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याखालील योजना घालून दिली. एकूण खाटांपैकी दहा टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी वाढत गेली. ती आता पहिल्या गटाला वर्षाला १,८०,००० आणि दुसऱ्याला ३,६०,००० रुपये आहे. शिवाय इतर रुग्णांच्या बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. म्हणजे स्वतंत्र खोलीतला सधन रुग्ण नकळत खालच्या वॉर्डातल्या गरिबाच्या औषधांचा भार उचलीत असतो! मला ही कल्पना फार आवडते.

प्रत्यक्षात मात्र विचारल्याशिवाय काही मिळत नाही. माझ्या मामांच्या हृदयाची झडप बदलायची होती. अशाच एका रुग्णालयात खिडकीवर प्रथम अनामत रकमेचा आकडा सांगण्यात आला. योजनेचा उच्चारही झाला नाही. मामी तर दुभती म्हैस विकायला निघाल्या होत्या. बाकावर शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी समाजसेवा विभाग दाखवला. तिथल्या बाईंनी शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. मामेभाऊ रात्रीच्या एस.टी.ने गावी गेला. आधी तलाठी, मग तहसील कचेरी. दाखला घेऊन तो तिसऱ्या दिवशी परतला. मामा दुर्बल घटकात बसले. औषधे आणि झडप यांचे पैसे खरेदीच्या दराने लावले गेले आणि त्यातील निम्मे आम्हांला भरायचे होते.

हे निम्मेही थोडे नव्हते. त्यासाठी आम्ही दोन न्यासांकडे अर्ज केले. अशा अर्जासोबत डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते, आणि मदतीचा धनादेश रुग्णाच्या नव्हे, रुग्णालयाच्या नावे निघतो. यातली मेख अशी की, एकदा भरून झालेले पैसे बहुतेक न्यास परत देत नाहीत. आपली माणसे मात्र अब्रूपायी आधी सावकाराकडे जातात, बिल चुकते करतात आणि मग मदत शोधू लागतात. कर्ज काढून बिल भरणारा माणूस मदतीच्या दृष्टीने सुटलेला असतो. त्याचे व्याज कोणाच्याच हिशेबात येत नाही.

निधीलाही मर्यादा आहेतच. ज्या रुग्णालयाची मिळकत लहान, त्याचा दोन टक्क्यांचा निधीही लहान. कर्करोगासारख्या दुखण्यात, जिथे उपचार महिनोन्‌महिने चालतात, तिथे एका ठिकाणची मदत पुरत नाही. तीन-चार दारे ठोठवावी लागतात आणि प्रत्येक दारी कागदांचा नवा संच द्यावा लागतो. दाखल्यांच्या प्रती सुरुवातीलाच भरपूर काढून ठेवाव्यात.

तातडीच्या रुग्णाला मात्र कागदांसाठी थांबवता येत नाही. त्याला अनामत न मागता दाखल करून घेऊन त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. कोणी नकार दिलाच, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. ती लेखी करावी, आणि पोच घेतल्यावाचून तिथून हलू नये.