डाव्या हाताचा मळ

शेफील्ड सोडून ए-57 रस्त्याने ग्लॉसपकडे निघालं की आधी लेडीबॉवर धरणाचं पाणी लागतं. पूल ओलांडून पुढे गेल्यावर रस्ता झाडीतून वर चढायला लागतो, झाडं विरळ होतात आणि माथ्यावर नुसता वारा, पाणथळ माळ आणि मेंढ्या उरतात. हा स्नेक पास. माथा जेमतेम 510 मीटर उंच आहे. वरंधा घाट उतरलेल्या माणसाला याची भीती वाटू नये, पण इथे पाऊस आडवा येतो आणि वळणं फसवी आहेत. गेली सहा वर्षं मी या घाटातून जाते ती क्लचच्या दांडीवर हात न ठेवता, कारण माझ्या गाडीला ती दांडीच नाही. डाव्या पायाशी गिअरचा खटकाही नाही. गाडी आहे होंडा व्हीएफआर 1200 एफ, 2012 सालची, दुहेरी क्लचची. वजन 277 किलो, इंजिन 1237 सीसी.

मी मूळची पुण्याची. आमच्या घरी बाबांची चेतक होती. मूठ फिरवून गिअर टाकायचा, सुटली नाही तर आडवी करून पुन्हा किक मारायची. माझ्या कॉलेजच्या वर्षांत रस्त्यावर किनेटिक होंडा दिसू लागल्या. पुण्याची किनेटिक आणि जपानची होंडा यांचा करार 1984 सालचा आणि कारखाना पिथमपूरला. दोन स्ट्रोकचं 98 सीसी इंजिन, बटण दाबलं की सुरू, आणि गिअर नाहीत. पुण्यातल्या किती मुली, किती शिक्षिका, किती नर्स त्या गाडीमुळे पहिल्यांदा स्वतःच्या वेळेला घराबाहेर पडल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तरी बाबा म्हणायचे, “गिअरची शिकलीस, तर गाडी आली म्हणेन.” त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण बिनगिअरची गाडी म्हणजे अर्धी गाडी, बायकांची गाडी, हे गृहीत त्या वाक्यात होतं, आणि मी ते तसंच्या तसं गिळलं. चेतक शिकले, मग दादाची मोटारसायकल शिकले. इंग्लंडला आल्यावर मोठ्या गाडीची परीक्षा गिअरच्याच गाडीवर दिली. इथला नियम असा की ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली, तर परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरता मिळतो. पुढची वीस वर्षं गिअर टाकणं माझ्यासाठी खरोखर डाव्या हाताचा मळ होता.

मग पन्नाशीत डावा अंगठाच दुखायला लागला. अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो, त्याची झीज. या वयाच्या बायकांमध्ये ती फार आढळते. बरणीचं झाकण उघडत नाही, कणीक तिंबवत नाही, आणि शेफील्डच्या चढउतारांवर, सिग्नलमागून सिग्नल, क्लच दाबवत नाही. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले, पट्टा दिला. गाडी सोडा असं कोणी म्हणालं नाही, पण घरी पोचल्यावर अर्धा तास हात गरम पाण्यात धरून बसावं लागायचं. गाडी विकायची की बदलायची, एवढाच प्रश्न उरला होता.

शोधायला लागले तेव्हा कळलं की हा विचार बराच जुना आहे. इटलीच्या मोटो गुझीने 1975 साली व्ही 1000 कन्व्हर्ट आणली, तिच्यात मोटारीसारखा टॉर्क कन्व्हर्टर होता. पुढच्याच वर्षी होंडाने सीबी 750 ए काढली, तीही टॉर्क कन्व्हर्टरची, दोनच गिअरांची. त्या काळच्या मोठ्या गाड्यांच्या गर्दीत या दोन्ही मंद ठरल्या. लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत हा प्रश्न नेटाने हाताळला तो यामाहाने. 2006 च्या एफजेआर 1300 एई मध्ये क्लचची दांडी काढून टाकली आणि ते काम विजेच्या मोटरीकडे दिलं. गिअर कधी बदलायचा हे मात्र चालवणाऱ्यानेच ठरवायचं. मी ती चालवून पाहिली. हाताला आराम होता, पण दर बदलाला गाडी क्षणभर श्वास रोखल्यासारखी थांबायची. एकच क्लच असल्यावर ते अटळ आहे, आधी सोडायचं आणि मग धरायचं.

होंडाने हा मधला क्षणच काढून टाकला. कल्पना मोटारींच्या जगातली. फ्रेंच अभियंता अडोल्फ केग्रेस याने ती 1939 च्या सुमारास मांडली होती, पोर्शने ऐंशीच्या दशकात शर्यतीत वापरली, आणि 2003 च्या फोक्सवागन गोल्फ आर 32 मधून ती विकाऊ गाडीत आली. दुचाकीत ती बसवायची म्हणजे जागेची मारामार. 2009 च्या शरद ऋतूत होंडाने व्हीएफआर 1200 एफ जाहीर केली आणि मोटारसायकलवरचा पहिला दुहेरी क्लच लोकांसमोर आला.

आतलं काम समजून घेतलं तेव्हा मला पोवाडा आठवला. शाहिराचा शेवटचा शब्द हवेत असतो तोच झीलकरी सूर उचलतात, मध्ये पोकळी पडत नाही. गिअरच्या या पेटीत एक क्लच पहिला, तिसरा, पाचवा हे गिअर सांभाळतो आणि दुसरा क्लच दुसरा, चौथा, सहावा. एका पोकळ दांड्याच्या आत दुसरा दांडा फिरतो, म्हणून दोन क्लच एकाच आसावर मावतात. गाडी तिसऱ्यात धावत असताना चौथा दुसऱ्या दांड्यावर आधीच जुळवून ठेवता येतो. मग एक क्लच सुटत असतानाच दुसरा धरतो. चाकाकडे जाणारी ताकद तुटत नाही. क्लच दाबायचं काम इंजिनचं तेलच दाबाने करतं आणि तो दाब किती, कधी, हे संगणक विजेच्या झडपांमधून ठरवतो. ही तेलाची गोष्ट लक्षात ठेवावी लागते, देखभालीचं निम्मं शास्त्र तिच्यात आहे.

इंजिनाबद्दलही बोललं पाहिजे, कारण मी या गाडीच्या प्रेमात पडले ती क्लचमुळे नव्हे. इंग्रजी व्ही अक्षरासारखी 76 अंशांत मांडलेली चार सिलिंडर. मागची दोन एकमेकांना खेटून आत घेतली आहेत, म्हणून गुडघ्यांपाशी गाडीची कंबर बारीक आहे. माझ्या उंचीच्या बाईला 815 मिलिमीटरची सीट त्याचमुळे झेपते. ताकद 170 अश्वशक्तीच्या वर. आवाज खालच्या फेऱ्यांवर खर्जातला, आणि मूठ पिळली की एका ठिकाणी त्याचा पोत बदलतो, मोठ्या कापडाचा ताणून टरकावलेला आवाज व्हावा तसा. चेन नाही, शाफ्ट आहे. पावसाळी देशात चेनला ग्रीस लावत बसण्यातून सुटका ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याने थंडीत बोटं काळी केली आहेत त्यालाच कळेल.

चालवताना उजव्या हाताशी एन, डी आणि एस असे पर्याय. एन म्हणजे न्यूट्रल, डी म्हणजे रोजची चाल, एस म्हणजे जोराची. डाव्या हाताशी दोन छोटी बटणं, तर्जनीने वरचा गिअर, अंगठ्याने खालचा. एनमधून डीमध्ये टाकताना “खट्” असा आवाज येतो आणि पहिल्या दिवशी दचकायला होतं. डीची खोड अशी की ती फार लवकर वरचे गिअर टाकते. पेट्रोल वाचवायला चांगलं, पण स्नेक पास उतरताना इंजिनचा ब्रेक मिळत नाही, गाडी सुसाट घरंगळते. तिथे अंगठ्याने दोन गिअर खाली आणायचे. दुखरा अंगठा तोच, पण बटण दाबायला जोर लागत नाही. 2012 च्या सुधारित गाडीत, तुम्ही असा हस्तक्षेप केलात तरी थोड्या वेळाने ती आपणहून पुन्हा स्वयंचलित चालीवर येते. मी याच सालची गाडी हट्टाने शोधली त्याचं हे एक कारण. ट्रॅक्शन कंट्रोल आणि 18.5 ऐवजी 19 लिटरची टाकी ही बाकीची.

खरी परीक्षा हळू चालवण्यात असते. अरुंद गल्लीत गाडी वळवताना जुन्या सवयीने मी हाफ क्लच शोधायची, आणि बोटं हवेत मिटायची. त्याऐवजी उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकाच धरून ठेवायचा आणि त्याच्याविरुद्ध मूठ अगदी थोडी उघडायची. हे अंगवळणी पडायला मला सुपरमार्केटच्या रिकाम्या वाहनतळावर चार रविवार सकाळी सराव करावा लागला. दुसरी सवय जिवाशी संबंधित आहे. डीमध्ये उभी असलेली गाडी शांत वाटते, पण मुठीला चुकून धक्का लागला तर ती उडी मारते. म्हणून थांबून पाकीट काढायचं असेल, हातमोजा घालायचा असेल, तर आधी एन. मी हे स्वतःशी मोठ्याने म्हणते.

आता देखभाल. माझी गाडी जुनी घेतलेली, 14,000 मैल चाललेली. झडपांचं अंतर तपासण्याचं काम जवळ आलं होतं. चार सिलिंडरं आच्छादनाखाली दाटीने बसवलेली, त्यामुळे बाहेरचे पत्रे उतरवण्यातच सकाळ जाते. ते मी जाणत्या मेकॅनिककडून करून घेते आणि त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकते. बाकीचं बरंचसं घरी होतं. तेल दर वर्षी बदलायचं, मैल भरोत न भरोत, कारण तेच तेल क्लचही दाबतं. ओल्या क्लचसाठीचं, जेएएसओ एमए खुणेचंच घ्यायचं. मोटारीच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं इथे क्लच घसरवतात. नेहमीच्या फिल्टरबरोबर क्लचसाठी एक वेगळा छोटा फिल्टर आहे आणि जुनी गाडी घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी त्याची चौकशी करावी, कारण तो विसरला जातो. माझ्या गाडीतला बाहेर काढला तेव्हा काळाकुट्ट होता. बदलल्यावर गाडी गरम असताना पहिला-दुसरा बदल मऊ झाला, हे मला मुठीतून जाणवलं.

शाफ्टच्या टोकाला वेगळं गिअर तेल असतं, ते थोडं असतं म्हणून दुर्लक्षू नये. किल्ली बंद केली की दोन्ही क्लच सुटतात, त्यामुळे ही गाडी उतारावर गिअरमध्ये टाकून लावता येत नाही. तिला मोटारीसारखा हँडब्रेक आहे, मागच्या चकतीवर त्याचं वेगळं कॅलिपर आहे आणि त्याचे पॅडही झिजतात. शेफील्डसारख्या टेकड्यांच्या गावात ते तपासणं म्हणजे गाडी शेजाऱ्याच्या दारात जाऊन आदळणार नाही याची खात्री. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. स्वारीवरून आलं की त्याच दिवशी, गार पाण्याने, खालून वर धुवायचं, उद्यावर टाकायचं नाही.

बॅटरीचा धडा मात्र मला महागात पडला. फेब्रुवारीतली सकाळ होती, तीन आठवडे गाडी हलली नव्हती. बटण दाबलं तर नुसती टकटक. आमची गल्ली उताराची. माझ्या मनात सरळ चेतक आली. बाबा दुसरा गिअर टाकून, क्लच दाबून बसायचे, दादा आणि मी मागून ढकलायचो, आणि वेग आला की क्लच सोडल्याबरोबर गाडी भडभडून सुरू व्हायची. मी शेजारच्या मुलाला हाक मारली. दोघांनी मिळून 277 किलो ढकलत उताराच्या तळापर्यंत नेले आणि तिथे पोचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही गाडी धक्का देऊन कधीच सुरू होणार नाही. क्लच धरायला तेलाचा दाब लागतो, दाब इंजिन फिरल्यावर येतो, आणि इंजिन फिरायला बॅटरी लागते. किनेटिकला निदान किक तरी होती. मग उतारावरून वर ढकलत आणणं आलं. तेव्हापासून हिवाळाभर गाडी चार्जरला जोडलेली असते आणि लांबच्या प्रवासात सीटखाली छोटा जंप स्टार्टर असतो.

गेल्या उन्हाळ्यात दादा आला होता. साठी ओलांडलेला, अजून बुलेट चालवणारा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, “म्हणजे मोठी किनेटिकच की गं ही.” मी त्याला मागे बसवून स्नेक पासवर नेलं. सामान्यतः मागच्याचं हेल्मेट दर गिअरला पुढच्याच्या हेल्मेटवर आपटतं, ते एकदाही आपटलं नाही. माथ्यावर थांबलो, तेव्हा तो वाऱ्यात बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुझा हात कसा आहे आता?” त्या प्रश्नाने मला भरून आलं. वर्षानुवर्षं माझ्याकडून गिअरची परीक्षा घेणाऱ्या घरातून हा प्रश्न आला होता.

ही गाडी आता बनत नाही. दुहेरी क्लच मात्र पुढे गेला. होंडाने तो आफ्रिका ट्विनमध्ये घातला, 2017 साली भारतात ती गाडी आली ती दुहेरी क्लच घेऊनच. गोल्ड विंगमध्ये आणि एनटी 1100 मध्येही तो आहे. 2024 मध्ये यामाहाने एमटी-09 ला आणि बीएमडब्ल्यूने आर 1300 जीएसला आपापल्या पद्धतीचा बिनक्लच गिअरबॉक्स दिला. त्या गाड्या माझ्या गाडीहून हुशार आहेत, चढ-उतार आणि वळण ओळखून गिअर धरून ठेवणाऱ्या. तरी मी बदलणार नाही. चार सिलिंडरांचा तो आवाज त्यांच्यात नाही, आणि या गाडीचं प्रत्येक झाकण मी स्वतः उघडून पाहिलं आहे.

या शनिवारी क्लचचा फिल्टर बदलायचा आहे. नवा फिल्टर, रबरी ओ-रिंग आणि तेलाचे डबे फडताळात आणून ठेवले आहेत. तेलाच्या डब्याचं झाकण तेवढं शेजारच्या मुलाकडून उघडून घ्यावं लागेल.