मुलीला इंटिरिअर डिझायनर व्हायचंय? आधी बेणे पारखा!



दर अंकात या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे, पण घरचाच आहे.

गेल्या गाळप हंगामातील गोष्ट. फेब्रुवारीच्या सुमारास एक सभासद गट कार्यालयात आले. ऊस तुटून गेला होता, पहिली उचल खात्यावर जमा झाली होती. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "साहेब, दुसरा हप्ता कधी पडंल?"

"का हो अण्णा, एवढी घाई?"

"पोरगी बारावीला हाय. इंटिरिअर डिझायनर व्हायचं म्हणतीया. शहरात सहा महिन्यांचा कोर्स हाय, फी दीड लाख. आठ दिवसांत भरले तर सूट हाय म्हनं."

त्यांनी खिशातून घडी घातलेले माहितीपत्रक काढले. वर रंगीत दिवाणखान्याचे चित्र, खाली ठळक अक्षरांत 'शासनमान्य'. कोणत्या खात्याची मान्यता, कोणत्या क्रमांकाची, कोणत्या मंडळाची परीक्षा, याचा कोठेही पत्ता नव्हता.

आम्हाला तेथे पटकन उत्तर देता आले नाही. कारण असेच एक माहितीपत्रक काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतः घरी आणले होते. आमच्या पुतणीला याच विषयाची आवड. आम्हीच तिला घेऊन गेलो, थंडगार कचेरी पाहून भुललो आणि पैसे भरून आलो. सहा महिन्यांनी सोनेरी काठाचे प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन ती पुण्यात एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नोकरी मागायला गेली, तेव्हा त्यांनी प्रमाणपत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. "एखाद्या खोलीचा मापाने काढलेला नकाशा दाखवा," एवढेच म्हणाले. पोरीजवळ होती ती संगणकावरची सुंदर सुंदर चित्रे. मापाचा एकही नकाशा नव्हता. पैसे गेले ते गेलेच, वर्षही गेले. बेणे घेताना डोळा न् डोळा तपासणारे आम्ही, आणि तेथे एकही प्रश्न विचारला नाही! म्हणून हा लेख.

हे काम म्हणजे नेमके काय?

पडदे, रंग आणि शोभेच्या वस्तू निवडणे म्हणजे सजावट. इंटिरिअर डिझायनरचे काम त्याहून पुष्कळ मोठे आहे. घर, दुकान, दवाखाना किंवा शाळा, आत राहणाऱ्या-वावरणाऱ्या माणसाला ती जागा सोयीची, उजेडाची आणि सुरक्षित व्हावी, याची मापासकट आखणी करणे हे ते काम. खोलीचे माप घ्यायचे, ते प्रमाणात कागदावर उतरवायचे, विजेचे बोर्ड कोठे, पाण्याचे नळ कोठे, कपाटाचे दार उघडल्यावर माणसाला जायला जागा उरते का, हे सारे आधी कागदावर सोडवायचे. मग खर्चाचा अंदाज काढायचा आणि सुतार, गवंडी, वायरमन, रंगारी यांच्याकडून काम करून घ्यायचे.

त्याला मालाची पारख लागते. ओलीच्या जागी कोणते प्लायवूड चालते आणि कोणते फुगते, हे कळले पाहिजे. साध्या वापराच्या प्लायवूडला भारतीय मानक ३०३ आणि मरीन प्लायवूडला भारतीय मानक ७१० आहे. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणाला म्हणून भागत नाही, फळीवरचा शिक्का वाचता आला पाहिजे. तसेच कोणती भिंत काढता येते आणि कोणत्या कॉलम-बीमला हात लावायचा नाही, हेही कळले पाहिजे. तेथे चूक झाली तर प्रश्न शोभेचा राहत नाही, जिवाचा होतो.

आपल्या भागातच पाहा. पाच-दहा वर्षांत वाड्या-वस्त्यांवर किती बंगले उभे राहिले! पण फवारणीचे औषध जिन्याखाली, तेथेच धान्याची पोती आणि तेथेच पोरांची सायकल, हे आम्ही शिवारफेरीत अनेक घरांत पाहतो. 'घर पाहावे बांधून' म्हणतात ते खरेच, पण बांधण्याआधी आतला विचार करणारे माणूस गावात नाही. म्हणजे या शिक्षणाला शहरातच काम आहे असे मुळीच नव्हे.

एक गोष्ट ऊसवाल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. आपल्या बगॅसपासूनही फळ्या होतात. अमेरिकेत लुइझियाना भागात १९२० च्या सुमारासच बगॅसपासून भिंतीला लावायचे तक्ते होऊ लागले होते. आजही बगॅसचे पार्टिकल बोर्ड फर्निचरला वापरतात. तेव्हा या धंद्याचे आणि आपले नाते अगदीच दूरचे नाही.

कायदा काय म्हणतो?

येथेच खरी मेख आहे. 'आर्किटेक्ट' ही पदवी नावापुढे लावायची तर १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेकडे नोंदणी लागते. 'इंटिरिअर डिझायनर' या नावाला आपल्या देशात असे संरक्षण नाही. उद्या कोणीही पाटी लावावी, त्याला अडवणारा कायदा नाही. त्याच १९७२ साली इंटिरिअर डिझायनरांची एक अखिल भारतीय संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स, स्थापन झाली. ती चांगली व्यावसायिक संस्था आहे. पण तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे, तो सरकारी परवाना नव्हे.

याचा अर्थ शिक्षणाची गरज नाही असा काही जण घेतात. अर्थ नेमका उलटा आहे. परवाना नाही म्हणूनच सारी भिस्त शिक्षणावर. पाटी सगळ्यांची सारखीच, फरक फक्त पाटीमागे काय शिकले त्याचा.

वाटा कोणत्या?

उसाला जशी सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली लागण असते, तशा येथेही कमी-अधिक मुदतीच्या वाटा आहेत. आपले रान पाहून निवड करावी.

पहिली वाट पदविकेची. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची इंटिरिअर डिझाइनची पदविका आहे. दहावीनंतर तीन वर्षे लागतात. लवकर कामाला लागायचे असेल त्यांना ही बरी.

दुसरी वाट डिझाइनच्या पदवीची. बारावीनंतर चार वर्षे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली सुरू झाली. तेथे फर्निचर व इंटिरिअर डिझाइन हा विषय आहे. प्रवेश परीक्षा दोन टप्प्यांत होते आणि बारावी कोणत्याही शाखेची चालते. अहमदाबादेतच सेप्ट येथे १९९१ पासून इंटिरिअर डिझाइनचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. मुंबई-पुण्यातही डिझाइनची महाविद्यालये आहेत. मोठ्या परीक्षांचे अर्ज मात्र बारावीच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागेच निघतात. बारावीचा निकाल लागल्यावर चौकशीला निघालेल्या पालकाची गाडी तेव्हा स्टेशनातून सुटलेली असते.

तिसरी वाट कला महाविद्यालयाची. मुंबईचे जे. जे. कला महाविद्यालय १८५७ सालचे. चित्र, शिल्प यांबरोबर तेथे अंतर्गत सजावटही शिकवतात. मुलगा-मुलगी शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देऊन ठेवाव्यात. गावच्या शाळेतही बसता येते आणि हाताला वळण लागते.

चौथी वाट वास्तुकलेची. पाच वर्षांची पदवी, त्याला बारावीला गणित लागते आणि 'नाटा'सारखी परीक्षा द्यावी लागते. अभ्यास जड आहे, पण घर बांधणे आणि आतले काम, दोन्ही दारे उघडी राहतात. याखेरीज गृहविज्ञानाच्या पदवीतही हा विषय शिकता येतो. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचा विचार मुलींच्या पालकांनी जरूर करावा.

मग सहा महिन्यांचा कोर्स वाईटच का? तसे नाही. सुतारकाम जाणणाऱ्या मुलाने किंवा पदविका झालेल्या मुलीने संगणकावर नकाशे काढायला शिकण्यासाठी असा कोर्स केला, तर उपयोगाचा आहे. ते वरखत आहे. पण लागणीच्या वेळचा हप्ता न देता नुसत्या वरखतावर फड उभा राहील का? याचे उत्तर आपणांस आम्ही सांगायला नको.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

१) पदवी असेल तर देणारे विद्यापीठ कोणते? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे ज्या-त्या संस्थेला पदवी देता येत नाही. बोगस विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो, ती पाहावी.

२) पदविका असेल तर परीक्षा कोणते मंडळ घेते? मान्यतेचा कागद मागावा. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असे उत्तर आले तर उठून यावे.

३) हाताने मापाचे नकाशे, बांधकामाची ओळख, माल, वीज, खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष कामावर काढायचे दिवस, हे सारे अभ्यासक्रमात आहे का?

४) जुन्या दोन-तीन विद्यार्थ्यांना भेटावे. पगार विचारण्याआधी त्यांच्या कामाची वही पाहावी.

५) बँक या कोर्सला शैक्षणिक कर्ज देते का? मान्यता नसेल तर बँकेचा अधिकारी पहिल्याच प्रश्नाला थांबतो. फुकटात होणारी ही चांगली तपासणी आहे.

६) शासनाची फीसवलत लागू आहे का? आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील मुलींना २०२४-२५ पासून शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय झाला. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हावा लागतो. निवडलेला अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, ते अर्ज भरण्याआधी पाहावे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा.

शिक्षण झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी मोटारगाडी आली, असे मात्र समजू नये. पहिली दोन-तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली, मिळेल त्या पगारात, धुळीत उभे राहून काढावी लागतात. खरे शिक्षण तेथेच पक्के होते.

अण्णांचे पुढे काय झाले?

वरचे प्रश्न आम्ही त्यांना एका कागदावर लिहून दिले. ते दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन आले. संध्याकाळी फोन केला, "साहेब, मान्यतेचा कागद मागितला तर म्हणाले, सीट भरत आल्यात, आज भरताय का उद्या? मी म्हटलं, उद्या. आन् आलो निघून."

ते पैसे वाचले. जूनमध्ये मुलीने रीतसर अर्ज भरला आणि तिला तंत्रनिकेतनात तीन वर्षांच्या पदविकेला प्रवेश मिळाला. आमची पुतणीही अशीच पदविका करून आता नोकरीला आहे. उशिरा, पण मार्गी लागली.

दिवाळीत आम्ही अण्णांच्या वस्तीवर गेलो होतो. पोरगी टेप घेऊन स्वयंपाकघर मोजत होती. कॉलेजात स्वतःच्या घराचा नकाशा काढायला सांगितला होता. ओटा ३६ इंच भरला, आणि आईचे उभे राहिल्यावरचे कोपरही ३६ इंचांवरच. ओटा कोपराच्या खाली चार ते सहा इंच असावा, असे तिने वडिलांना समजावून सांगितले. तिची आई चुलीकडे पाहत म्हणाली, "सात वर्सं झाली, खांदं भरून येत्यात. मला वाटायचं, वयानं येत्यात."

अण्णा काहीच बोलले नाहीत. गवंड्याला निरोप मात्र त्याच आठवड्यात गेला.

सभासद बंधूंनो, बेणे चुकले तर लागण जाते, खोडवा जातो आणि निडवाही जातो. तरी रान आपले असते, पुन्हा नांगरता येते. मुलांचे गेलेले वर्ष परत लावता येत नाही. कोणाच्या घरी असे माहितीपत्रक आले असेल तर पैसे भरण्याआधी ते घेऊन गट कार्यालयात यावे. चहा घेऊ आणि मिळून वाचू.

ऊस विकास अधिकारी,
शेती विभाग