घरचा संगणक : आधी चौकशी, मग निकाल

चौकशीवाचून कामगाराला काढू नये, हे आम्ही मालकांना सांगत आलो. घरच्या संगणकालाही तोच न्याय लावा. तो मुका झाला, की ‘मदरबोर्ड गेला’ एवढ्या निकालावर तळेगाव ढमढेऱ्याच्या गृहस्थाची महिन्याची बचत जाते. क्रमाने तपासा. सॉकेटात दिवा लागतो काय? पंखा फिरतो, पण पडदा काळा, तर आधी पडद्याची तार पाहावी. मग वीज तोडून रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे खरा दोषी सापडतो. वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडू नये; वीज तोडल्यावरही तिच्यात काही काळ सुमारे ३०० व्होल्टांचा दाब उरू शकतो. तबकडी खडखडू लागली, तर सारे सोडून कागदपत्रांची नक्कल काढावी. सुटा भाग बाजारात मिळतो. गेलेला हिशेब मिळत नाही.