धुळीचा बंदोबस्त

पुण्यातील महामार्गालगतच्या आमच्या वारज्यात खिडकीच्या चौकटीवरून सकाळी पुसलेली धूळ सायंकाळी पुन्हा हजर होते, आणि शिंकांचे खापर आपण तिच्याच माथी फोडतो. परंतु खरा अपराधी पुष्कळदा आपल्याच गादीत मुक्काम ठोकून असतो. मानवी त्वचेच्या गळून पडणाऱ्या कणांवर उपजीविका करणारा, जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा तो धूलिकीटक. घरातील धुळीच्या उपद्रवाचे मूळ त्याच्यापाशी आहे, हे १९६४ साली हॉलंडमधील लायडेनच्या संशोधकांनी दाखवून दिले.

त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. म्हणूनच दसऱ्यापूर्वी गाद्या गच्चीवर वाळवण्याची आपली रीत कीटकांस मारक असली, तरी ती प्रथिने तेवढ्याने जात नाहीत, आणि अभ्रे, चादरी, गोधड्या दर आठवड्यास ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुण्याची तजवीज करावीच लागते. कोरड्या झाडूने झटकणे म्हणजे माझ्या मते धुळीची नुसती बदली, बडतर्फी नव्हे! लादी ओल्या फडक्याने पुसावी, आणि जळमटे काढताना दमेकऱ्यास खोलीबाहेर ठेवावे.

राहता राहिले शिंकांचे आणखी एक कारण, गाजरगवत. भारतात त्याची ठळक नोंद १९५५ च्या सुमारास झाली ती या पुण्यातच. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर ते फुलले असता त्याचे पराग घरात शिरतात, तेव्हा त्या बाजूच्या खिडक्या मिटलेल्या बऱ्या. आणि उपटायचेच तर फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून.