माशांच्या पेटीतले पाणी

घरी माशांची काचपेटी ठेवणाऱ्यांत दोन पक्ष आढळतात. एक दर रविवारी पेटी पार रिकामी करून खडे नळाखाली खसखसून धुतो. दुसरा वर्षभर पाण्याला हात लावीत नाही. आमच्या मते दोघांच्याही हातून मासे दगावतात. आणि ते का, हे इंग्लंडातल्या एका बापलेकांच्या कामावरून चांगले उमगते.

वडील रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ. त्यांनी काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशांना लागणारा प्राणवायू वनस्पतीने पुरवावा, असा हिशेब. पण पाने कुजून पाणी गढुळले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी न बदलताही निर्मळ राहिले. १८५० साली त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे १८५३ मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत काचपेट्या आल्या.

त्या भांड्यात आणखी कोणीतरी राबत होते, हे मात्र वडिलांना ठाऊक नव्हते. त्यांचे त्याच नावाचे चिरंजीव रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात होते. अमोनियाचे नायट्रेट होते ते दोन टप्प्यांत, आणि दोन टप्प्यांचे सूक्ष्म जीव निरनिराळे, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. उसाला खत घालणाऱ्या आपल्या घरांना नायट्रेट हा शब्द काही नवा नाही! पेटीतही हेच चालते. माशांची घाण व उरलेला खाऊ यांतून अमोनिया होतो; तो विषारी. त्याचे नायट्राइट, तेही विषारीच. आणि शेवटी त्यामानाने सौम्य असे नायट्रेट. हे जीव खड्यांना आणि गाळणीच्या स्पंजला चिकटून राहतात. सगळे नळाखाली धुतले की तेच जातात, अमोनिया चढतो, मासे मरतात आणि बोल लागतो दुकानदाराला.

मग पाणी बदलूच नये काय? तसेही नाही. नायट्रेट साचत जाते. आटलेल्या आमटीत पाणी घातले तरी मीठ तेवढेच राहते, तसेच पेटीत नुसती भर घालण्याचे. म्हणून साधारण दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढावे : पन्नास लिटरच्या पेटीतून दहा-बारा लिटर. मासे थोडे व वनस्पती दाट असतील तर पंधरवड्याने चालेल. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळावा. नवी पेटी असेल तर सूक्ष्म जीव जम बसवीपर्यंत चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे अगदी कमी ठेवावेत.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन दिवसभर उघडे ठेवल्याने पुष्कळसे उडते. क्लोरामाइन उडत नाही, त्यासाठी दुकानात थेंब मिळतात. ज्यांची मुले-नातवंडे ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी एवढे जरूर कळवावे, की हिवाळ्यात तिकडच्या नळाचे पाणी बर्फासारखे थंड असते; उष्ण देशातल्या माशांच्या पेटीत ते कोमट करूनच ओतावे.

गोल्डफिश फार जगत नाही असे पुष्कळांना वाटते. इंग्लंडातल्या एका जत्रेत १९५६ साली बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, जगला.